वायर नेमकी कुठून गेली आहे?

इंटरनेटचा इतिहास आपल्याकडे उद्घाटनांच्या तारखांनी सांगितला जातो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली, १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने खुले झाले, पुढे मोबाइलवर स्वस्त डेटा आला. पण ज्यांच्या हातात जाळं चालवणं आहे त्यांचे दिवस उद्घाटनात जात नाहीत. ते जातात बंद पडलेली लाइन शोधण्यात, ती कुणी दुरुस्त करायची यावरच्या फोनाफोनीत आणि रस्ता खोदायची परवानगी मिळवण्यात. मुंबई गेली दीडशेहून अधिक वर्षं समुद्री तारांचं बंदर आहे आणि तिथल्या तारांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. जाळं चालवणाऱ्याला यंत्राच्या मर्यादेने जेवढं छळलं, त्याहून जास्त छळलं ते अज्ञानाने. तार नेमकी कुठून गेली आहे, आणि अमुक टप्प्यापासून पुढे ती कोणाची, हे पक्कं ठाऊक नसणं हा या धंद्याचा सर्वांत जुना आजार आहे.

१८५९ मध्ये सुवेझहून तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत केबल टाकायला सुरुवात झाली. समुद्राच्या तळाची नीट मोजणी झालेली नव्हती आणि केबल ताणून टाकली गेली. तळाशी प्रवाळांचे उंचवटे होते. दोन उंचवट्यांच्या मध्ये केबल लोंबकळत राहिली, तिच्यावर शिंपल्यांचे थर चढत गेले आणि त्या भाराने ती जागोजागी तुटली. केबल चालो वा न चालो, भागधारकांना लाभांश देण्याची हमी ब्रिटिश सरकारने दिलेली होती, त्यामुळे निकामी केबलचे पैसे सरकारी तिजोरी पुढे कितीतरी वर्षं भरत राहिली. त्याआधी, १८५८ मध्ये, अटलांटिकची केबलही काही आठवड्यांत मुकी झाली होती. या दोन्ही अपयशांची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १८६१ मध्ये आला. त्यात केबल बनवताना, टाकताना आणि टाकल्यानंतर मोजमाप करायची शिस्त घालून देण्यावर भर होता. विजेचा रोध मोजायचं सर्वमान्य एककसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं, तेही याच काळात ठरत गेलं. १८६५ मध्ये भारताकडे येणाऱ्या तारेचा खुष्कीचा मार्ग सुरू झाला, तर त्याचं दुखणं निराळं निघालं. तुर्कस्तानातल्या कचेऱ्यांमधून हातोहात पुढे सरकणारे इंग्रजी संदेश ती भाषा न येणाऱ्या कारकुनांच्या हातून जात, दिवसच्या दिवस रखडत आणि पोहोचेपर्यंत ओळखू न येण्याइतके बिघडत. चूक कोणत्या कचेरीत झाली हे शोधणं अशक्य होतं. १८६६ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे या तक्रारी मांडल्या गेल्या. म्हणून फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज मुंबईहून एडनकडे केबल सोडत निघालं, तेव्हा तिच्यामागे दहा वर्षांच्या अपयशातून आलेली मोजदादीची शिस्त होती. केबल सैल सोडली गेली, जाताना तिची सतत चाचणी होत राहिली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई थेट लंडनशी बोलू लागली.

हे सगळं तंत्राच्या बाल्यावस्थेतलं, आज त्याचं काय, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण नंतरचा इतिहास त्याला साथ देत नाही. १ एप्रिल १९८६ या एकाच दिवशी दोन सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. परदेशी दळणवळण विदेश संचार निगमाकडे गेलं आणि मुंबई-दिल्लीचे शहरी टेलिफोन महानगर टेलिफोन निगमाकडे. कागदावर ही वाटणी सुटसुटीत होती. १९९५ मध्ये इंटरनेट आलं तेव्हा तिची किंमत कळली. ग्राहकाचा मॉडेम घरातला, त्याला जोडलेली तांब्याची जोडी दुसऱ्या कंपनीची आणि गेटवे तिसरीकडे. मुंबईच्या जमिनीखालच्या जुन्या केबलमध्ये तारांभोवती कागदाचं वेष्टण असे. पावसाळ्यात सांध्यातून पाणी शिरलं की लाइनवर खरखर सुरू होई. बोलणाऱ्याला ती चालवून घेता येते, मॉडेमला येत नाही, तो जोडणी सोडून देतो. सुरुवातीच्या महिन्यांत जोडणीच न होणं, झाली तरी मध्येच तुटणं, यावरून मोठी ओरड झाली. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला आपला भाग ठीक दिसत होता आणि बहुधा तो खरंच बोलत होता. पूर्ण वाट एकत्र पाहण्याची सोय कुणाकडेच नव्हती.

आता काचेच्या तंतूंकडे येऊ. फायबर तुटली की इंजिनिअर ओटीडीआर नावाचं उपकरण जोडतो. ते प्रकाशाचा ठोका पाठवतं, परतून आलेला प्रकाश मोजतं आणि पडद्यावर अंतर दाखवतं, समजा ४.३७ किलोमीटर. मोजमापाच्या दृष्टीने १८७० च्या माणसाला हे स्वप्नवत वाटलं असतं. पण हे अंतर आहे फायबरचं, रस्त्याचं नव्हे. पुढे कधी जोड द्यावा लागला तर हाताशी असावी म्हणून दर काही चेंबरमध्ये फायबरची वेटोळी ठेवलेली असतात. कुठे दहा मीटर, कुठे तीस. कोणत्या चेंबरमध्ये किती लूप ठेवला हे टाकणाऱ्याने लिहून ठेवलं नसेल, तर पडद्यावरचे ४.३७ किलोमीटर जमिनीवर नेमके कुठे येतात हे सांगता येत नाही. मग लाइनमन अंदाजाने चालत निघतो आणि ताजी माती, नवं डांबर, उभा जेसीबी शोधत जातो. सापडल्यावर फायबर सोलणं, पुसणं, काटकोनात कापणं, स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं वितळवून जोडणं, हे कसबी हातांचं, पण ठरावीक वेळेत संपणारं काम आहे. रात्र जाते ती शोधण्यात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणताना देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा फायबर तोडली जाते आणि सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सांगितलं होतं. यातली बहुसंख्य तोडफोड पाण्याची लाइन, गटार, गॅस, वीज किंवा दुसऱ्या कंपनीची फायबर टाकणाऱ्यांच्या हातून, खाली काय आहे हे ठाऊक नसताना होते.

इथे जाणकार दुसरा आक्षेप घेतील. इंटरनेटची रचनाच अशी की एक वाट बंद झाली तर माहिती दुसऱ्या वाटेने जाते, मग एका तारेचं एवढं काय? तत्त्व खरं आहे. पण दुसरी वाट खरोखर दुसरीच आहे, याची खात्री कुणीतरी करून घ्यावी लागते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली एकाच दिवशी तुटल्या. दोन निरनिराळ्या मालकांच्या, कागदावर एकमेकींना पर्याय असलेल्या, पण समुद्रात जवळजवळ शेजारून गेलेल्या. भारताची निम्म्याच्या आसपास क्षमता गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. दोनच दिवसांनी दुबईजवळ तिसरी तुटली. तिथे पुढे समुद्रतळाशी पाच टनांहून अधिक वजनाचा, कुणीतरी सोडून दिलेला नांगर सापडला. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला तर तार कुठेच तुटली नाही. पाकिस्तानातल्या दूरसंचार कंपनीने देशापुरतं यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांची वाट स्वतःकडे असल्याचं आपल्या जाळ्यात जाहीर केलं. ती घोषणा बाहेर निसटली, वरच्या कंपनीने ती न तपासता पुढे पाठवली आणि सुमारे दोन तास जगातल्या मोठ्या भागाला यूट्यूब दिसेनासं झालं. पत्ता कोणाचा आणि त्याची वाट जाहीर करण्याचा अधिकार कोणाला, याची नोंद पडताळून पाहायची सक्ती कुणावरच नव्हती. तशी पडताळणी करायची व्यवस्था पुढे उभी राहिली, पण आजही ती सगळेच पाळतात असं नाही.

स्पर्धेने हा प्रश्न सुटेल, ही आशाही याच मापाने तपासावी लागेल. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबण्याचे दिवस स्पर्धेमुळेच संपले, हे मान्य केलंच पाहिजे. पण जोडण्या वाढल्या तशी एकाच फुटपाथखाली चार-चार कंपन्यांची डक्ट आली आणि गच्च्यांवरून केबलवाल्यांच्या वायरी झुलू लागल्या. प्रत्येकाचा नकाशा स्वतःपुरता, आणि धंद्यातली गुप्त बाब म्हणून तो शेजाऱ्याला न दाखवण्याचा रिवाज. वायरलेसने तरी सुटका होईल म्हणावं, तर मोबाइलच्या बहुतेक गजबजलेल्या टॉवरांची मुळं त्याच फायबरमध्ये आहेत. समुद्रातही तीच गत. मुंबईत उतरणाऱ्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय केबली वर्सोव्याच्या छोट्याशा किनाऱ्यावर एकवटल्या आहेत. दुरुस्तीसाठी भारतीय निशाणाचं जहाज नसल्याची आणि परदेशी जहाजाच्या परवानग्यांत वेळ जात असल्याची नोंद दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केलेली आहे.

१८६१ च्या अहवालाने समुद्रातल्या केबलींना जी शिस्त लावली, ती आपल्या रस्त्यांना अजून लागलेली नाही. खोदण्याआधी सूचना देण्याचा नियम आता झाला आहे, पण खाली काय आहे याचा नकाशाच चुकीचा असेल तर त्या सूचनेतून काही हाती लागत नाही. म्हणून सुरुवात आपल्या हातात आहे तिथून करावी. आपल्या सोसायटीत कुणी फायबर टाकायला आलं, तर परवानगीच्या पत्रासोबत ती कुठून शिरते, कुठून वर चढते, किती लूप कुठे ठेवला आहे आणि तक्रार कुणाकडे करायची, याचा सहीनिशी आराखडा मागून घ्या आणि तो सोसायटीच्या फाइलला लावा. वॉर्ड ऑफिसात रस्ता खोदाईचा विषय निघेल तेव्हा तसाच आराखडा महापालिकेकडेही मागा.