अंदाजाचा कर आणि घरचा हिशेब

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील आमचा गेवराई तालुका सन १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील वसुली मक्त्यानें दिली जाई. मक्तेदार सरकारास ठरीव रक्कम भरी आणि रयतेकडून किती घ्यावयाचें तें स्वतःच्या अंदाजानें ठरवी. सन १८५३ मध्यें दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनीं ही पद्धत मोडीत काढली व १८६५ मध्यें जिल्हाबंदी करून पगारी अंमलदारांची व्यवस्था स्थिर केली.

मक्तेदार गेला, अंदाज मात्र गेला नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानांतील १९२२ च्या आयकर कायद्यांत तो पुन्हां दिसतो. करदात्यानें विवरणपत्र भरलें नाहीं, किंवा मागितलेल्या वह्या हजर केल्या नाहींत, तर अधिकाऱ्यानें आपल्या समजुतीप्रमाणें उत्पन्न ठरवून कर आकारावा, असें तेविसावें कलम सांगे. आकार अवाच्या सवा वाटला तरी १९३९ पर्यंत त्यावर नेहमीचें अपील नव्हतें. मागणीची नोटीस मिळाल्यापासून एक महिन्याच्या आंत सबळ कारण दाखवून आकारणी रद्द करून घ्यावी, एवढीच वाट सत्ताविसाव्या कलमानें मोकळी ठेविली होती.

मग या अंदाजाला मर्यादा कोणती? हा प्रश्न वऱ्हाडांतील अकोल्याच्या एका व्यापारी पेढीच्या प्रकरणांतून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला. १९३७ च्या निवाड्याचा आशय असा: अटकळ अपरिहार्य आहे, पण ती प्रामाणिक हवी, सूडानें किंवा लहरीनें आकडा ठरवितां येणार नाहीं. मात्र करदात्याविषयीं गांवांत असलेला लौकिक आणि मागील वर्षांच्या आकारण्या अधिकाऱ्यास विचारांत घेतां येतील.

या शेवटच्या वाक्यांतच खरी मेख आहे. जो आपला हिशेब सांगत नाहीं, त्याचा हिशेब बाजार सांगतो. आणि बाजारांत कर्ज दिसत नाहीं, दुकानाची पाटी दिसते.

१९३९ च्या दुरुस्तीनें अपिलाचा हक्क मिळाला. १ एप्रिल १९५० पासून हा कायदा हैदराबाद राज्यासही लागू होऊन गेवराईच्या पेठेंतील व्यापारी त्याच्या कक्षेंत आला. पुढें १९६१ च्या कायद्यानेंही अंदाजाच्या आकारणीची तरतूद कायम ठेविली.

मक्तेदारापुढें रयतेच्या हिशेबाला किंमत नव्हती. कायद्यानें त्या हिशेबाला जागा दिली, मुदत दिली, अपीलही दिलें. ती जागा आपण कोरी सोडली, तर तींत दुसऱ्याचा अंदाज लिहिला जातो. आणि लिहिलेला आकडा खोडून काढणें हें वेळेवर वही लिहिण्याहून फार कठीण असतें.