डॉन्स, १९५१

डॉन्स : सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, हा खेळ चेंडू हातात घेऊन खेळतात, आपल्याकडचा फुटबॉल तो नव्हे. १९५१च्या हंगामात डॉन्सनी नऊच्या नऊ सामने जिंकले. पण हंगामाअखेरच्या मानाच्या ‘बोल’ सामन्यात खेळायचे, तर ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवावे लागेल, असे त्यांना कळले. संघाने एकमुखाने नकार दिला. त्या नकाराचे मोल कोणत्याही विजयापेक्षा मोठे आहे. आधीच तोट्यात असलेला संघ विद्यापीठाने त्या हंगामानंतर बंद केला. मॅटसन यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. आपले कुस्तीगीर खाशाबा जाधव यांचे कांस्यपदकही त्याच ऑलिम्पिकमधले. टोलर १९६५मध्ये व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधले पहिले कृष्णवर्णीय पंच झाले. — संपा.