‘घटा’चे भेद आणि आत्मप्रौढीची परिभाषा

दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘गीतार्णवा’त मराठीची बाजू मांडताना एक मार्मिक युक्तिवाद केला आहे. संस्कृतात ‘घट’ म्हटले की काम भागते. परंतु कोणता घट, हे त्या शब्दाने कळत नाही. मराठी मात्र डेरा, रांजण, घागर अशी प्रत्येक पात्राला निराळी संज्ञा देते. अंबाजोगाईच्या या कवीचे प्रतिपादन सामान्यतः ज्ञानेश्वरांपासून चालत आलेल्या मराठीच्या गौरवोक्तींत जमा केले जाते. वस्तुतः त्यात गौरवापेक्षा कसोटी अधिक आहे. भाषेचे सामर्थ्य तिच्याविषयी काढलेल्या उद्गारांवर नव्हे, तर तिने केलेल्या भेदांवर ठरते, असा तिचा आशय. हीच कसोटी आत्मप्रशंसेच्या शब्दांना लावली, तर बीड जिल्ह्याशी निगडित अशा एका जुन्या वाङ्मयीन वादाचे स्वरूपही स्पष्ट होते.

इंग्रजीतील ‘बोस्ट’, ‘ब्रॅग’ आणि ‘व्हॉन्ट’ हे तिन्ही शब्द मराठी अध्यापनात बहुधा ‘बढाई मारणे’ या एकाच घटात ओतले जातात. त्यांचे भेद मात्र लक्षणीय आहेत. ‘व्हॉन्ट’चे मूळ ‘रिकामा’ या अर्थाच्या लॅटिन ‘वानुस’ शब्दात आहे. ‘ब्रॅग’मध्ये निंदेची छटा ठळक असते. ‘बोस्ट’ला मात्र अचेतन कर्ताही चालतो: एखादे गाव प्राचीन मंदिर ‘बोस्ट’ करते, तेव्हा त्या गावावर कोणताच दोषारोप नसतो. याखेरीज इंग्रजीने काही शब्द थेट साहित्यातून घेतले. टेरेन्सच्या ‘युनुकुस’ (इ.स.पू. १६१) या नाटकातील थ्रासो या शिपाईगड्यावरून ‘थ्रासॉनिकल’, बोइआर्दो व आरिओस्तो यांच्या काव्यांतील रोदोमोन्तेवरून ‘रोडोमॉन्टेड’, स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’मधील (१५९०) पात्रावरून ‘ब्रॅगाडोशियो’ हे शब्द आले. येथे आत्मप्रौढी हा केवळ वाणीचा दोष राहत नाही. ती एका पात्राचा स्वभाव बनते. अशा पात्राचे बोलणे आणि त्याची कृती यांतील अंतर कथानक उघडे पाडते. बढाईचा निवाडा घटनेच्या ओघात होतो.

मराठीची व्यवस्था निराळी आहे. ‘शेखी’ हा शब्द ‘शेख’ या मानवाचक पदवीशी, ‘मिजास’ प्रकृतीशी आणि ‘दिमाख’ मेंदूशी नाते सांगतो. फार्सी राजभाषेच्या दीर्घ सहवासातून हे शब्द मराठीत रुळले. ‘वल्गना’ आणि ‘प्रौढी’ संस्कृतातून आले. मूळ ‘वल्गना’ म्हणजे उड्या घेणे. मराठीत ती प्रायः पुढे करावयाच्या पराक्रमाविषयी असते. परंतु खरा भेद नामांपेक्षा क्रियापदांत आहे. बढाया, बाता, थापा ‘मारल्या’ जातात. शेखी, तोरा, टेंभा ‘मिरवला’ जातो. जे मारले जाते त्याला वस्तूचा आधार असेलच असे नाही. मिरवणुकीत मात्र काहीतरी हाती असावे लागते. म्हणून ‘बढाई मारतो’ या विधानात दाव्याच्या सत्यतेविषयी शंका असते, तर ‘मिरवतो’ या विधानात वस्तू मान्य करून तिच्या प्रदर्शनाचे औचित्य तपासले जाते. अचेतन कर्त्याच्या इंग्रजी ‘बोस्ट’चे मराठी रूपांतर करताना भाषांतरकाराला हा निर्णय घ्यावाच लागतो. ‘अंबाजोगाई बढाई मारते’ हे वाक्य मराठीत उभे राहत नाही. ‘मिरवते’ किंवा ‘भूषवली आहे’ असेच म्हणावे लागते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रकाशित झालेल्या व्याख्यानांनी उक्ती हीच कृती असते, हा विचार रूढ केला. ‘मी वचन देतो’ असे म्हणताच वचन दिले जाते. ‘मी बढाई मारतो’ असे म्हटल्याने मात्र बढाई मारली जात नाही. उलट तिचा फुगाच फुटतो. बढाई हे बोलणाऱ्याने स्वतःच्या उक्तीला दिलेले नाव नसते; ते ऐकणाऱ्याने दिलेले असते. म्हणजेच हा शब्द वर्णनाचा कमी आणि निवाड्याचा अधिक आहे. समीक्षक तो वापरतो तेव्हा न्यायासनावर बसलेला असतो.

मुकुंदराजांविषयीच्या वादात या निवाड्याची किंमत दिसते. ‘विवेकसिंधू’च्या संहितेतील शके १११० (इ.स. ११८८) हा काळ आणि अंबाजोगाई येथील समाधी यांच्या बळावर त्या नगरीने आद्यकवीचा मान सांगितला. दुसऱ्या बाजूने कालनिर्देशाच्या ओवीच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली गेली. संहितेतील वैन्यागंगा व अंबानगर यांच्या आधारे विदर्भातील आंभोऱ्याचाही हक्क मांडण्यात आला. या मतभेदाला प्रादेशिक अभिमानाचे नाव देऊन तो निकालात काढणे सोपे आहे. परंतु अभिमान हा पुराव्याला पर्याय नसतो, तसा तो पुराव्याविरुद्धचा पुरावाही नसतो. दावा, अभिमान आणि बढाई हे तीन वेगळे घट आहेत. पहिल्याची तपासणी हस्तलिखितांच्या तौलनिक अभ्यासाने आणि भाषेच्या प्राचीनत्वाने व्हावी. दुसरा सामाजिक इतिहासाचा विषय आहे. तिसऱ्याचा उच्चार तपासणी संपल्यानंतरच शोभतो. १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या आणि त्या काळात ‘मोमिनाबाद’ या नावाने ओळखल्या गेलेल्या नगरीला आपल्या मराठीपणाचा मूळपुरुष हवासा वाटावा, हे समजण्यासारखे आहे. त्या इच्छेचा इतिहास लिहिला गेला पाहिजे. मात्र त्याने ‘विवेकसिंधू’चा काळ ठरत नाही आणि खोटाही पडत नाही.

दासोपंतांच्या बाबतीत पेच उलटा आहे. ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिलेले त्यांचे ‘पंचीकरण’ अंबाजोगाईत जतन झाले आहे. विस्तार हीच प्रौढी मानणाऱ्या टीकेला येथे ‘मिरवण्या’चा मोह दिसेल. परंतु या प्रचंड पटाचे प्रचलित नाव ‘पासोडी’ आहे, म्हणजे पांघरायचे जाडेभरडे वस्त्र. आणि कवीच्या नावात ‘दास’ आहे. केवळ नम्रतेच्या खुणांवरून नम्रता सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही आकारावरून अहंता सिद्ध होते, असे कोणत्या न्यायाने म्हणावे? ज्याने एका ‘घटा’त अनेक पात्रे कोंबण्यास हरकत घेतली, त्याच्या लेखनाला एकाच शब्दात कोंबणे ही त्याच्या कसोटीची उपेक्षा ठरेल. समीक्षेची परिभाषा कुंभाराच्या आव्याइतकी तरी विविध असावी, एवढी अपेक्षा दासोपंतांच्या युक्तिवादातून निष्पन्न होते.