टक्के कशाचे? धरणाचा तळ ऐकण्याची गोष्ट

पावसाळा लागला की हिंगोली-परभणी-नांदेडकडच्या पेपरात एक चौकट हमखास येते. येलदरी इतके टक्के, सिद्धेश्वर इतके टक्के, इसापूर इतके टक्के. रब्बीला पाण्याच्या पाळ्या किती मिळणार, उन्हाळ्यात नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, हे सगळं त्या आकड्यांवर. पण टक्के म्हटले की आमच्यासारख्या प्रोग्रामर लोकांचं लक्ष आधी छेदाकडे जातं. टक्के कशाचे?

धरणावर रोज मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी. अमुक पातळीला अमुक इतकं पाणी, हे एका तक्त्यातून काढतात. तो तक्ता मुळात धरण भरण्याआधीच्या जमिनीच्या मोजणीवरून केलेला असतो. पूर्णेवरचं येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं, पैनगंगेवरचं इसापूर १९८२ साली. तेव्हापासून दरवर्षी पुराबरोबर काळी माती येतेय आणि तळाशी बसतेय. तळ पुन्हा मोजल्याशिवाय तक्ता दुरुस्त होत नाही, आणि तक्ता जुना असेल तर टक्केही जुन्याच धरणाचे.

आता पाण्याखालचा तळ मोजायचा कसा? जुनी रीत म्हणजे दोरीला शिशाचं वजन बांधून सोडायचं आणि किती वाव दोरी गेली ते मोजायचं. वजनाच्या बुडाला चरबी लावत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई. हे काम भरवशाचं पण भलतंच संथ.

आवाजाची गोष्ट सुरू होते ती एका तळ्यातच. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडोन आणि स्टुर्म यांनी रात्री दोन होड्या लांबलांब उभ्या केल्या. एका होडीवरून पाण्याखालची घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी बंदुकीची दारू पेटवायची. दुसऱ्या होडीतल्या माणसाने उजेड दिसल्यापासून पाण्यातला आवाज येईपर्यंतचा वेळ मोजायचा. उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. पुढे १९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि प्रतिध्वनीने अडथळे शोधायची धडपड सुरू झाली. पहिल्या महायुद्धात लांजेव्हॅंने क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात आवाज सोडला, आणि १९२५ ते २७ मध्ये 'मेटिओर' या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकचा तळ प्रतिध्वनीने मोजून काढला.

मग खोल समुद्र जमला तर उथळ पाणी सोपंच, नाही का? गंमत अशी की उथळ पाणी जास्त खट्याळ! एक मिलिसेकंदाचा आवाज पाण्यात दीड मीटर लांब पसरलेला असतो. तळ अर्ध्या मीटरवर असेल तर आवाज सोडून संपायच्या आतच प्रतिध्वनी परत. शिवाय आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये चेंडूसारखा उड्या मारत राहतो, सगळा गोंधळ.

पण याच गोंधळातून पुढची पायरी सापडली. दुसऱ्या महायुद्धात इविंग आणि वर्झेल यांनी अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात स्फोट करून दूरवर त्यांचे आवाज टिपले. त्यात काही आवाज पाण्यातल्या आवाजाच्याही आधी पोचत होते. ते तळाखालच्या थरांतून आले होते, कारण तिथे आवाज जास्त वेगाने धावतो. पेकेरिसने १९४८ साली याचं गणित मांडलं. म्हणजे उथळ पाण्यात काय ऐकू येणार ते तळ ठरवतो, तर मग ऐकलेल्यावरून तळही ओळखता येईल. आउटपुट बघून आतला कोड ओळखण्यातलाच प्रकार :)

आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा लाभ मुंबईसमोर झाला. १९६४-६५ मध्ये 'अकादेमिक आर्खांगेल्स्की' या रशियन जहाजावरून आवाजाचे धक्के देऊन तळाखालच्या खडकांची ठेवण टिपली गेली. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने त्याच रचनेत तेल शोधलं. तेच बॉम्बे हाय. तिथे पाणी जेमतेम ७५ मीटरच्या आसपास. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावलाला आहे. तिथल्या संशोधकांनी गोव्याजवळच्या समुद्रतळावर ३३ आणि २१० किलोहर्ट्झ असे दोन आवाज वापरून वाळू कुठे, चिखल कुठे हे प्रतिध्वनीच्या आकारावरून वेगळं काढलं.

हे दोन आवाज आपल्या धरणाच्याही कामाचे आहेत. २१० किलोहर्ट्झची लहर फक्त ७ मिलिमीटरची, ती गाळाच्या वरच्या साईवरूनच परतते. ३३ ची लहर साडेचार सेंटीमीटरची, ती मऊ गाळातून खाली शिरते आणि जुन्या घट्ट जमिनीवर आपटते. दोन उत्तरांतला फरक म्हणजे गाळाची जाडी. होडी, इको साउंडर आणि उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र असलं की जलाशयावर आडव्या-उभ्या रेघा मारत नवा नकाशा करता येतो.

काही पथ्यं मात्र पाळावी लागतात. जिनिव्हाचं पाणी ८ अंशांचं होतं. आपल्याकडच्या ३० अंशांच्या पाण्यात वेग सेकंदाला १५०९ मीटरच्या आसपास जातो. तिकडचा आकडा इकडे वापरला तर २० मीटरचा तळ १९ मीटरवर दिसेल, म्हणजे मीटरभर गाळ फुकटात! म्हणून काम सुरू करण्याआधी एक लोखंडी पट्टी ठराविक खोलीवर सोडून यंत्र जुळवून घेतात. दुसरी अडचण बुडबुड्यांची. गाळातला पालापाचोळा कुजून मिथेन वायू होतो आणि त्याचे बुडबुडे आवाजाला पुढे जाऊच देत नाहीत. हा त्रास गोव्याच्या समुद्रातही आहे. अशा जागी नळी खुपसून चिखल वर काढण्यावाचून इलाज नाही. चरबी लावलेल्या शिशाचीच ही नात म्हणायची.

महाराष्ट्रात २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तलावांतला गाळ ट्रॅक्टरने शेतात जाऊ लागला. चांगलंच आहे. पण मोठ्या धरणाच्या पोटात मे महिन्यातही पाण्याखाली राहणारा गाळ डोळ्यांना दिसत नाही, तो ऐकावाच लागतो. असो. यंदा पेपरात "धरण शंभर टक्के" वाचलंत की आनंद जरूर माना, फक्त सोबत छेद शेवटचा कधी मोजला तेही विचारा. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे, त्याच्या चौथ्या पाळीचं पाणी त्या छेदातच अडकलेलं असतं.