काठावरचं रुईचं फूल

माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर दुसरं काही तगलं नाही तरी रुई तगते. चीक निघतो म्हणून पोरांना तिच्याजवळ फिरकू देत नाहीत, पण शनिवारी मारुतीच्या गळ्यात माळ तिच्याच पानांची. आणि सातारा-सांगलीकडच्या लुगड्यांच्या काठावर फूलही तिचंच. त्याला रुईफुली काठ म्हणतात.

मागावर फूल गोल उमलत नाही. धागा एकतर उभा, नाहीतर आडवा. त्यामुळे पाकळीला पायऱ्या पडतात.

लुगडं बहुधा इलकलचं असे, चोळीचा खण गुळेदगुड्डचा. ही दोन्ही गावं आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहेत. १९५६ पर्यंत ती मुंबई राज्याच्या विजापूर जिल्ह्यात होती. इलकलच्या पदरावरच्या दातेरी नक्षीला विणकर ‘तेनी’ म्हणतात. कन्नडमध्ये तेने म्हणजे कणीस. जतच्या शाळू पिकवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

नऊवारी लुगडं आधी मधोमध विरतं. काठ घट्ट विणीचा, तो टिकतो. मग त्यातून घरातल्या मुलीचा परकर निघे. काठ खाली घेराला, वर चुण्या, नेफा आणि त्यात नाडी. आजीच्या पायाशी असलेलं रुईचं फूल नातीच्या पायाशी यायचं. आजच्या भाषेत हा व्हिंटेज स्कर्टच, फक्त तेव्हा तो काटकसर म्हणून शिवला जाई.

सणाचा परकर खणाचा. दुकानात खण त्रिकोणी घडीत मिळे. औंधच्या यमाईची, मांढरदेवच्या काळूबाईची ओटीही त्यानेच भरतात. असा परकर शिवताना खरी करामत दुमडींत असे. काठाच्या वर, फुलं झाकली जाणार नाहीत अशा बेताने, चार चार बोटांच्या दोन दुमडी घालून ठेवायच्या. पोर उंच झाली की एक उसवायची. उसवलेल्या जागी कापडाचा कोरा रंग निघे आणि वरखालचा परकर उन्हाने, धुण्याने विटलेला. तो गडद पट्टा बघून शेजारीण मुलगी वर्षात किती वाढली ते सांगे.

पुढे शाळेचा गणवेश आला, फ्रॉक आला आणि परकर-पोलकं गौरी-गणपतीपुरतं उरलं. आता खणाचे स्कर्ट पुन्हा दिसू लागले आहेत, तयार आणि झकास बेतलेले. नेफ्यात नाडीऐवजी इलॅस्टिक असतं. काठाच्या वर दुमड मात्र बहुधा नसते, त्यामुळे पुढच्या गौरींना तो आखूड होतो.