सुरणाचा सुमात्रांतील थोरला भाऊ

कोंकणांत परसांत लावलेल्या सुरणाला क्वचित् फूल आलें, कीं उंदीर मेला कोठें म्हणून घरचीं माणसें कोपरे धुंडाळूं लागतात. याच जातकुळींतील एक महाकाय वनस्पति ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञास इ. स. १८७८ च्या ऑगस्टमध्यें सुमात्रांत आढळली. पहिल्याच गड्ड्याचा घेर साडेचार फुटांहून अधिक. दोघांना तो जेमतेम उचलला. कांहीं गड्डे त्यानें युरोपास धाडले. परंतु द्राक्षवेलींवरील किडीच्या धास्तीनें फ्रान्सनें जिवंत झाडांच्या आयातीस बंदी केली होती. मार्सेय बंदरांत गड्डे अडले आणि तेथेंच कुजले. कायदा द्राक्षांकरितां, बळी मात्र सुरणाच्या भावाचा!

वांचलें तें बीं. फ्लॉरेन्सच्या एका सरदाराच्या बागेंत तें रुजलें व त्यांतील एक रोप लंडनजवळील क्यू उद्यानांत गेलें. हें झाड एका वेळीं एकच पान काढतें. तें पान गड्डा पोसून वाळतें, गड्डा विश्रांति घेतो, मग पुन्हा पान. अशीं दहा वर्षें उबदार कांचगृहांत गेल्यावर १८८९ च्या जूनमध्यें फूल उमललें. कुजक्या मांसाच्या त्या वासानें खरोखर यावयाचे ते मांसभक्षक कीटक; पण चित्र काढण्यास मॅटिल्डा स्मिथ यांना तेथेंच बसावें लागलें, आणि त्या आजारी पडल्या.

१९२६ मध्यें क्यू येथें पुन्हा फूल आलें, तेव्हां तीच दुर्गंधि हुंगावयास लोटलेली गर्दी पोलिसांना आवरावी लागली.