रुग्णासोबत दवाखान्यात राहताना : सोबत्याचे अन्नपाणी

वरूड परिसरातील रुग्णाला ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठविले की बहुधा तीन वाटा असतात. अमरावतीचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'इर्विन'. नागपूरचे 'मेडिकल' किंवा 'मेयो'. आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. अमरावतीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. कोणत्याही वाटेने गेले तरी रुग्णासोबत घरची एक-दोन माणसे जातात आणि अनेकदा आठ-पंधरा दिवस तेथेच राहतात. रुग्णाच्या पथ्यपाण्याकडे डॉक्टर व परिचारिकांचे लक्ष असते. सोबत्याचे जेवण मात्र पायरीवर, झाडाखाली किंवा व्हरांड्यात उरकते. तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटात मुरडा आला की रुग्णाजवळ थांबायला माणूस उरत नाही. शिवाय हगवण लागलेला सोबती ज्या हातांनी रुग्णाला पाणी पाजतो, ते हात रुग्णाच्याही जिवावर बेतू शकतात.

या प्रश्नाची जाण वऱ्हाडाला जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयातील कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक उतरतात. अशी सोय प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, आणि तेव्हा स्वतःच खबरदारी घ्यावी लागते.

पहिला प्रश्न पाण्याचा. रुग्णालयाच्या आवारात नळ पुष्कळ असतात, पण प्रत्येक नळ पिण्याचा नसतो. स्वच्छतागृहालगतच्या नळाचे पाणी केवळ वापरण्याचे समजावे. पिण्याचा नळ कोणता, हे परिचारिकेला विचारून घेण्यात संकोच नसावा. बाटली भरताना तिचे तोंड नळाला टेकवू नये. साखळीने बांधलेल्या पेल्यातून पिण्यापेक्षा घरचा पेला बरा. गावाकडचे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी 'आपलेच आहे' म्हणून शुद्ध ठरत नाही. जुलै २०२२ मध्ये याच जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी येथे विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलरा पसरला आणि त्यात माणसे दगावली. शंका असल्यास पाणी खळखळून उकळावे, किंवा क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. थंडगार जारच्या पाण्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे. गारवा जंतूंना मारीत नाही. जार कोठे भरला आणि कशाने धुतला, एवढेच महत्त्वाचे. बाटलीबंद पाणी घेताना झाकणाचे सील आणि चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक पाहावा.

बर्फाचेही तसेच. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन घालण्यात आले. तथापि पांढरा बर्फही पोत्यात गुंडाळून, फरशीवर फोडून रसवंतीपर्यंत येतो. उन्हाळ्यात रस प्यायचाच, तर बिनबर्फाचा मागावा.

खाण्याच्या बाबतीत साधा नियम असा : जे डोळ्यांदेखत वाफाळते आहे ते घ्यावे. नागपूरच्या रुग्णालयांबाहेर सकाळी तर्रीपोहे मिळतात. त्यातील उकळती तर्री सहसा दगा देत नाही. दगा देतो तो वर पेरलेला सकाळपासून चिरून ठेवलेला कांदा आणि एकाच बादलीत बुचकळून काढलेली बशी. कापून ठेवलेली फळे, पातळ चटणी आणि उघडे ताक यांच्या वाटेस जाऊ नये.

घरचा डबा सुरक्षितच, ही समजूतही तपासून पाहावी. शिजलेले अन्न साधारण दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिले की त्यात जंतू वाढू लागतात, आणि वऱ्हाडातील वैशाखात तर ही मुदत आणखी कमी होते. पहाटे वरुडात भरलेली वांग्याची रस्साभाजी किंवा भात बसने नागपूरला पोहोचून दुपारी उघडेपर्यंत बिघडलेला असू शकतो. भाताचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे : त्यातील काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. जुन्या बायका प्रवासाला दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी आणि लाडू बांधून देत, त्यामागे पक्के शहाणपण होते; ओलावा कमी असला की जंतूंना वाढता येत नाही. फळांत वरुडच्या माणसाला संत्र्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. धुवून स्वतः सोलले की काम झाले, सुरीही लागत नाही.

हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझर सोयीचे असले तरी हगवणीच्या काही जंतूंपुढे ते अपुरे पडते. खर्रा घोटणाऱ्याने तर हे दुप्पट ध्यानात घ्यावे, कारण खाटेचा कठडा धरलेला हातच चिमूट तोंडात टाकतो. सेवाग्रामच्या आवारात तंबाखूला तसाही थारा नाही.

रुग्णाला काही भरविण्याआधी परिचारिकेची परवानगी घ्यावी. माया म्हणून दिलेला घोट येथे घातक ठरू शकतो. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी सर्वसाधारणपणे हलके अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद केले जाते. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतात. भूल दिल्यावर पोटातील अन्न उलटून श्वासनलिकेत गेले तर जीव जाऊ शकतो. दुधाचा चहा 'पाणीच तर आहे' म्हणून चालत नाही. तो अन्नात मोडतो. चोरून काही दिले गेले असेल, तर रागावतील या भीतीने ते लपवू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रेमाने आणलेला संत्र्याचा रस किंवा नारळपाणीही अपायकारक ठरू शकते, कारण त्यातील पोटॅशियम हृदयाची लय बिघडविते.

सोबत्याला जुलाब लागलेच, तर जलसंजीवनी लगेच सुरू करावी. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, बहुधा एक लिटर पाण्यात, ती कालवावी. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. केवळ नावात 'ओआरएस' असलेली गोड पेये त्याऐवजी घेऊ नयेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर तो शब्द वापरण्यास मनाई केली. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, शौचात रक्त, किंवा लघवी थांबणे ही लक्षणे दिसताच त्याच रुग्णालयात दाखवावे.

काविळीचे मात्र लगेच कळत नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ दोन ते दहा आठवड्यांनी, घरी परतून सारे विसरल्यावर दिसते. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, यातील 'ई' प्रकार झाल्यास शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत मृत्यू संभवतात. म्हणून सोबतीला तिला पाठवू नये. आणि मुक्कामानंतर डोळे पिवळे दिसल्यास, मागील अडीच महिन्यांत कोठे पाणी प्यायले होते, ते डॉक्टरांना सांगावे.